खवलाईचा आवाज

सुकन्याला एका खवल्या मांजराचा हेवा वाटायचा. आता हे सांगायचं तरी कुणाला? साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवणारी, नुसत्या नजरेनं अख्खा वर्ग गप्प करणारी ही बाई, पण घरी आली की भिंतीवरच्या पडद्यात चितारलेलं एक जनावर बघून आतल्या आत धुमसायची. ऐकणारे हसले असते. दुसऱ्या कुणाचं असतं तर तीही हसली असती.

रणजित जगदाळेशी तिचं लग्न होऊन काही महिनेच झाले होते. रणजितची पहिली बायको मेघना आजारपणात गेली, तेव्हा त्यांची चार्वी जेमतेम तीन वर्षांची होती. आता ती पाच वर्षांची झाली होती आणि सुकन्याला 'काकू' म्हणत होती. म्हणू दे की! तेवढी मनाची तयारी सुकन्यानं केली होती. पोर तिच्या हातचं जेवायची, तिच्याकडून वेणी घालून घ्यायची, डबा रिकामा करून आणायची. पण ताप आला, वीज कडाडली, गुडघा फुटला, की ती सुकन्याच्या वाऱ्यालाही उभी राहायची नाही. थेट पडद्यासमोर जाऊन बसायची आणि नाक ओढत म्हणायची, "खवलाई लाव."

'खवल्याची स्वारी' हा त्या काळी घरोघरी चालणारा ॲनिमेशनपट. कोयनेच्या जंगलातली खवल्या मांजराची मादी, तिचं नाव खवलाई, आणि तिच्या शेपटीवर बसून जग बघायला निघालेलं तिचं पिल्लू. गोष्ट म्हणाल तर एवढीशी. वणवा लागतो, मायलेकींची चुकामूक होते, पिल्लू रडत एकटं हिंडतं, आणि सगळं संपलं असं वाटतं तेव्हा आई धुरातून धावत येते. पिल्लाला पोटाशी घेऊन अंगाचा गोळा करते आणि म्हणते, "शेपटी घट्ट धर. पडलीस तरी मी खालीच आहे." या वाक्याला घरोघरची पोरं मुसमुसायची आणि संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून लावायला सांगायची.

त्या काळचा चित्रपट म्हणजे एकदाच करून ठेवलेली फीत नव्हती. पडद्यामागचं यंत्र दर वेळी चित्रं नव्यानं रेखाटायचं आणि आवाजही नव्यानं घडवायचं. त्यामुळे त्यात एक सोय करता आली होती, 'घरचा आवाज' नावाची. घरातल्या कुणीतरी यंत्रापुढे बसून चार पानं मोठ्यानं वाचायची. यंत्र त्यातून गळ्याची ठेवण, श्वास कुठे घेतला जातो, शब्द कुठे ओढला जातो हे सगळं शिकायचं, आणि मग अख्खा चित्रपट त्या आवाजात बोलायचा. हसायचा, रागवायचा, रडायचासुद्धा. मेघनानं हे आजारपणात केलं होतं, पाठीला उशा लावून. तिला धाप लागायची. यंत्रानं ती धापही उचलली होती. खवलाई वणव्यातून धावत येते तेव्हा तिला लागलेली धाप खरी होती, मेघनाची होती.

म्हणूनच चित्रपट लागला की रणजित उठून खाली जायचा आणि धुतलेली गाडी पुन्हा धुवायचा. त्याला तो आवाज सोसायचा नाही. सुकन्या मात्र स्वयंपाकघरात उभी राहून सगळं ऐकायची.

एकदा तिनं लाडीगोडीनं विचारलं, "चार्वी, मी सांगू का तुला खवलाईची गोष्ट?"

चार्वीनं गंभीरपणे विचार केला. "नको काकू. तुझा आवाज शाळेसारखा आहे."

पाच वर्षांच्या पोरीचं बोलणं काय मनावर घ्यायचं? पण घेतलं तिनं. जिव्हारी लागलं.

मेघनाच्या आई, उज्ज्वलाबाई, फलटणला असायच्या. रणजितचं दुसरं लग्न त्यांनीच पुढाकार घेऊन लावलं होतं, आणि लग्नानंतर येताना मेघनाचा चांदीचा टाक करून आणला होता. गेलेल्या सवतीची छोटीशी मूर्ती पत्र्यावर उठवलेली, दुसरीनं गळ्यात घालायची, ही जुनी रीत. "तुला पटत नसेल तर राहू दे हो," त्या म्हणाल्या होत्या. "शिकलेली आहेस. पण तू घातलास तर वाटेल, माझ्या दोन लेकी एका घरात नांदताहेत." सुकन्यानं वाकून गळा पुढे केला होता. त्या दिवसापासून ती त्यांना 'आई' म्हणू लागली आणि सणावाराला फलटणला माहेरपणाला जाऊ लागली. तिची स्वतःची आई कधीच गेली होती, त्यामुळे हे नातं तिला मनापासून हवं होतं. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढं तिनं जे केलं ते कुणा दुष्ट बाईनं केलं असं वाटायला नको.

'घरचा आवाज' सोयीत एक पट्टी होती. डाव्या टोकाला जुना आवाज, उजव्या टोकाला नवा. बदलीच्या गावी जाणाऱ्या, सीमेवर जाणाऱ्या आईबापांसाठी केलेली. पोराला एकदम परका आवाज ऐकवला तर ते बिथरतं, म्हणून पट्टी दर खेपेला केसभर सरकवायची. जुन्यात नवा मिसळत जातो आणि मुलाला पत्ता लागत नाही. यंत्राबरोबरच्या सूचनांतच तसं लिहिलं होतं.

एका दुपारी, चार्वी शाळेत आणि रणजित कचेरीत असताना सुकन्या यंत्रापुढे बसली आणि चार पानं वाचली. शाळेतल्या आवाजात नाही. पोर झोपल्यावर तिच्या कपाळावरून हात फिरवताना येतो तसल्या आवाजात. वाचताना गळ्यातला टाक माइकला लागून किणकिणत होता. तिनं तो काढून ड्रॉवरमध्ये ठेवला. आवाज नीट यावा म्हणून काढला, असं तिनं मनाशी म्हटलं, पण वाचन संपेपर्यंत ड्रॉवरकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

त्यानंतर ती रोज पट्टी सरकवत राहिली, केसभर, अगदी केसभर.

एक दिवस बागेत झोक्यावरून चार्वी तोंडावर आपटली. ओठ फुटला, रक्त आलं. सुकन्या धावली आणि सवयीनं दोन पावलं अलीकडेच थांबली. पोर उठली, इकडंतिकडं पाहिलं आणि सरळ येऊन तिच्या पोटात शिरली.

"म्हण ना," ती रडत म्हणाली.

"काय म्हणू, बाळा?"

"शेपटी घट्ट धर, म्हण ना, आई."

सुकन्यानं म्हटलं. तिला आनंद झाला, इतका की तिनं पोरीला उचलूनच घेतलं. आणि त्याच क्षणी अशी लाज वाटली की बागेतल्या इतर बायकांच्या नजरेला नजर देववेना. त्या बिचाऱ्या कौतुकानंच बघत होत्या.

दिवाळीला उज्ज्वलाबाई आल्या. येताना डबे भरून चिवडा, करंज्या, आणि एकच मागणं. "पोरीबरोबर बसून मेघनाचा आवाज ऐकते गं. तेवढंच माझं लक्ष्मीपूजन."

आता काय करायचं? सुकन्यानं त्या अंघोळीला गेल्या असताना पट्टी परत पार डावीकडे नेली. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे, लहान मुलाला काय कळतंय, असं तिला वाटलं. मूल एकच चित्रपट शंभरदा बघतं ते त्यातला श्वासन् श्वास पाठ करण्यासाठीच, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. शिक्षिका होती ना ती!

चित्रपट सुरू झाला. खवलाई पहिलं वाक्य बोलली आणि चार्वीनं कपाळाला आठ्या घातल्या.

"आजी, आज खवलाईला काय झालंय? सर्दी झालीय का?"

"काही नाही गं, तुझी आई बोलतेय ती."

"नाही. ही कुणीतरी वेगळीच आहे." चार्वीनं कानांवर हात ठेवले. "ही नको. माझी खवलाई लाव ना, आई."

ते 'आई' सुकन्याला उद्देशून होतं. उज्ज्वलाबाईंच्या हातातली करंजी हातातच राहिली. पोर रुसून बाहेर फटाक्यांकडे पळाली. पडद्यावर खवलाई मेघनाच्या आवाजात पिल्लाला हाका मारत होती, आणि तिची आई ढसाढसा रडत होती.

"विसरली गं पोर. दोन वर्षांत माझ्या लेकीचा आवाज परका झाला तिला."

बोलायची वेळ हीच होती. सुकन्याच्या जिभेवर शब्द आलाही होता. पण तिनं काय करावं? जवळ बसून पदरानं त्या म्हातारीचे डोळे पुसले आणि म्हणाली, "लहान आहे हो, आई. मुलं विसरतात."

"तुझा काय दोष?" उज्ज्वलाबाईंनी तिचा हात घट्ट धरला. "उलट तू आहेस म्हणून पोर सावरली. आता तूच तिची आई. मी पुन्हा नाही हट्ट करायची."

त्यांनी खरोखरच पुन्हा हट्ट केला नाही. मेघनाच्या आवाजाची मूळ नोंद त्या फलटणला घेऊन गेल्या आणि कपाटात देवाच्या चांदीबरोबर ठेवली. त्या गेल्यावर सुकन्यानं पट्टी उजवीकडे ढकलली. ती पुन्हा कधी हलली नाही.

चार्वी मोठी झाली, पण खवलाई काही सुटली नाही. दहावीच्या पेपरला जाताना, पुण्याला वसतिगृहात पहिल्यांदा राहताना, पहिल्या नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी ती वणव्याचा प्रसंग लावून बघायची. मैत्रिणी चिडवायच्या, "काय गं घोडे, अजून कार्टून?" ती म्हणायची, "तुम्हाला नाही कळायचं. माझी आई आहे त्यात." एका मुलाशी जमलेलं मोडलं तेव्हा ती आठवडाभर घरी येऊन पडली होती. बंद दाराआडून सुकन्याला आपलाच आवाज ऐकू यायचा, "पडलीस तरी मी खालीच आहे," आणि ती हातातलं काम टाकून गच्चीवर निघून जायची. ज्या पोरीला ती समोरासमोर धीर देऊ शकत होती, तिला ती चोरून धीर देत होती.

एकदा चार्वीच म्हणाली, "आई, तू हळू बोललीस ना, की थोडी खवलाईसारखी वाटतेस. मेघनाआईचा आवाज तुझ्यासारखाच असणार."

"असेल," सुकन्या म्हणाली आणि भाजी ढवळत राहिली. खाली लागली होती ती.

चार्वी चोविशीत असताना तिला ताप आला. साधाच वाटला, पण ताप मेंदूत गेला. मेंदूला सूज आली. जिवावरचं निभावलं, सूजही उतरली, पण चार्वी परत आली नाही. डोळे उघडे, श्वास नीट, घास भरवला तर गिळायची. ओळख मात्र नाही. रणजित तिच्या पायाशी बसून हाका मारायचा, सुकन्या तासन् तास बोलायची, आणि चार्वी छताकडे बघत राहायची. असेच आठवडे गेले.

मग डॉक्टर फरीदा मुलाणींनी त्या तिघांना, म्हणजे रणजित, सुकन्या आणि फलटणहून येऊन राहिलेल्या उज्ज्वलाबाईंना, आपल्या खोलीत बोलावलं. चाळिशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या बाई.

"एक नवा उपचार आहे," त्या म्हणाल्या. "लहानपणी मुलं एकच ॲनिमेशनपट पुन्हा पुन्हा बघतात. आपल्याला वाटतं, काय हा खुळेपणा! पण मेंदू त्यातून तालीम करत असतो. भीती कशी वाटते, रडू कसं येतं, आणि त्यानंतर कुणीतरी जवळ घेतं म्हणजे काय होतं. चित्र, संगीत, आवाज आणि ती भावना, सगळं एकत्र घट्ट विणलं जातं. आम्ही त्याला भावठसा म्हणतो. तो भाषेच्याही खाली असतो. चार्वीच्या मेंदूत भाषेचे, ओळखीचे रस्ते बंद पडलेत. तुम्ही हाका मारता त्या त्याच बंद रस्त्यानं जातात. ठशाचा रस्ता बहुधा उघडा आहे. नेमका तोच चित्रपट, त्याच आवाजात ऐकवला तर ठसा जागा होतो आणि त्याच्या ओढीनं बाकीचं जागं होऊ शकतं."

"बहुधा?" रणजितनं विचारलं.

"बहुधा. आणि एक धोका आहे. ठसा हलवला की काही तास तो ओल्या मातीसारखा मऊ असतो. तेव्हा त्यात चुकीचं काही गेलं तर तो तसाच बिघडून वाळतो. म्हणून आवाज तोच हवा. एकदा चुकलं तर दुसरी संधी घेता येते, तिसरी मी घेणार नाही. घरचा आवाज होता का चित्रपटात? आवाजाची मूळ नोंद मिळेल?"

"तिच्या आईचा आवाज," रणजित म्हणाला. "मेघनाचा."

"माझ्याकडे आहे नोंद," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांचा चेहरा असा उजळलेला कुणी पाहिला नव्हता. "जपून ठेवलीय मी. माझी मेघना उठवील तिला."

सुकन्या तिथंच बसली होती, कान आणि तोंड शाबूत असून. ती काही बोलली नाही. तिनं मनाशी एक खुळा हिशेब मांडला. रक्ताचं नातं आहे, तीन वर्षांची होईपर्यंत पोरीनं तोच आवाज ऐकला होता, लागेलही कदाचित ओळख. आपलं झाकलेलं झाकलेलंच राहील आणि पोरही उठेल. पोटच्या नसलेल्या पण पोटाशी धरलेल्या पोरीच्या जिवाशी ती आपल्या अब्रूसाठी जुगार खेळली. त्याला दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी चार्वीच्या डोळ्यांसमोर पडदा लावला. खवलाई मेघनाच्या आवाजात बोलली. रणजित आज उठून गेला नाही. हुंदके देत ऐकत राहिला. उज्ज्वलाबाई नातीच्या तोंडाकडे टक लावून होत्या. वणवा पेटला, खवलाई धापा टाकत आली, शेपटी घट्ट धर म्हणाली. चार्वी छताकडे बघत होती.

डॉक्टरांनी आलेख बघून मान हलवली. "चित्र, संगीत ओळखीचं आहे. मेंदू सुरुवातीला हलला. पण आवाज सुरू होताच मिटला. अनोळखी माणूस बोलल्यासारखा. मला हे कळत नाही."

"विसरली आहे ती," उज्ज्वलाबाई पुटपुटल्या. "लहानपणीच विसरली होती. मला ठाऊक होतं, तरी आशा केली."

त्या बाहेर गेल्यावर सुकन्यानं डॉक्टरांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मान खाली घालूनच. मग म्हणाली, "उद्या माझा आवाज लावा. चार्वीच्या टॅबमध्ये आहे. फक्त त्या दोघांना खोलीबाहेर ठेवा. तुम्ही सांगा ना, उपचाराचा नियम आहे म्हणून."

मुलाणी बाईंनी हातातली फाइल मिटली. "हे आज सकाळी सांगितलं असतंत तर?"

सुकन्यानं पिशवीतून चार्वीचा टॅब काढून टेबलावर ठेवला.

"मी तुमच्या वतीनं काही सांगणार नाही. पण खोटंही बोलणार नाही. वडिलांची संमती लागेल, आणि कशासाठी ते त्यांना कळायलाच हवं. आता उशीर करू नका."

रणजितला सांगणं त्यामानानं सोपं गेलं. तो ऐकून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मी एकदा तरी बसून ऐकलं असतं तर मला तेव्हाच कळलं असतं," एवढंच बोलला आणि सही करायला गेला.

उज्ज्वलाबाई व्हरांड्यातल्या बाकावर मोसंबं सोलत बसल्या होत्या, सुकन्यासाठीच. "ये. सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या."

सुकन्या बाकावर बसली नाही. समोर उभी राहिली. "आई, चार्वी विसरली नव्हती. मी पुसला मेघनाचा आवाज. माझा घातला. थोडा थोडा करून, तिला कळू नये असा."

उज्ज्वलाबाईंचे हात थांबले. मग त्यांनी अगदी हळू विचारलं, "म्हणजे त्या दिवाळीला पोर म्हणाली, ही कुणीतरी वेगळीच आहे..."

"हो."

"तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तू माझे डोळे पुसलेस." त्यांनी मान वर केली. "पदरानं पुसलेस, सुकन्या."

शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर सुकन्यानं ते आनंदानं घेतलं असतं. भूमी दुभंगावी असं लोक म्हणतात ना, तसं तिला वाटत होतं. पण व्हरांड्यातून माणसं ये-जा करत होती, वॉर्डबॉय ट्रॉली ढकलत होता, आणि तिला तिथंच उभं राहायचं होतं.

"मी आयुष्यभर त्या पोरीवर रुसले," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. "वरवर लाड केले, पण आतून रुसले. आईला विसरलेली पोर म्हणून. माझ्याच नातीवर. हे कुणी भरून देणार मला?" सोललेलं मोसंबं त्यांनी तिच्या हातात ठेवलं, कारण सोललं होतं म्हणून. "आधी ती उठू दे. तुझ्याशी मला आत्ता बोलायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सगळे खोलीत होते. सुकन्याच्या आवाजात खवलाई बोलू लागली. ज्यांच्यापासून हा आवाज इतकी वर्षं लपवला, त्यांच्या देखत तो अख्ख्या खोलीत भरून राहिला होता. किती माया होती त्या आवाजात! ती माया ऐकताना सुकन्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चोरीचा माल भर चौकात मांडावा आणि तो उत्तम निघावा, तसं काहीसं.

वणवा पेटला तेव्हा चार्वीच्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. "शेपटी घट्ट धर," खवलाई म्हणाली, आणि चादरीवरची बोटं मिटली. हळूहळू, पण मिटली. ओठ हलले. आलेखाकडे बघायची गरज कुणालाच पडली नाही.

"आई," चार्वी म्हणाली.

रणजित रडत होता. उज्ज्वलाबाई उठल्या, नातीच्या कपाळावर ओठ टेकवले, पिशवी उचलली. "वाचली पोर. बास," असं म्हणून त्या फलटणच्या गाडीला निघून गेल्या. सुकन्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

चार्वीला बरं व्हायला बरेच महिने लागले. शब्द परतले, नावं परतली, चालणं परतलं. डॉक्टर पूर्ण बरी म्हणाल्या त्या आठवड्यात सुकन्यानं तिला स्वतः सांगितलं. चार्वी ओरडली, की आईनं आपला जीव वाचवला म्हणून गळ्यात पडली, असं काही झालं नाही. ती एवढंच म्हणाली, "मला मेघनाआईचा आवाज ऐकायचाय. आजीजवळ बसून."

दोघी फलटणला गेल्या. उज्ज्वलाबाईंनी नातीला जवळ घेतलं, सुकन्याला 'ये' म्हणाल्या, पण ते पाहुण्याला म्हणतात तसं. पडदा लावला. सुकन्या दाराशी उभी राहिली. आत बसायला तिला कुणी सांगितलं नाही आणि तिचीही छाती झाली नाही.

मेघना बोलत होती. धापा टाकत, मध्येच हसत, मरणाच्या दारातून आपल्या तीन वर्षांच्या लेकीसाठी जीव ओतून बोलत होती. उज्ज्वलाबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या चार्वीच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होत्या.

चित्रपट संपला. चार्वीनं ओढणीनं डोळे पुसले. "ओळखीचा वाटला गं, आजी," ती म्हणाली. "आत कुठंतरी होता माझ्या. ऐकताना पोटात कसंतरीच झालं."

"खरं सांगतेस?"

"तुझी शप्पथ."

उज्ज्वलाबाईंनी तिला छातीशी धरलं. किती वर्षांचा रुसवा होता तो, घळाघळा वाहून गेला. त्या रडत होत्या, हसत होत्या, मेघनाचं नाव घेत होत्या. त्या भरात त्यांनी सुकन्यालाही हाक मारली, "दारात काय उभी राहिलीस, चहा टाक जा." एवढ्या महिन्यांनी त्या पहिल्यांदा तिच्याशी घरच्यासारखं बोलल्या.

सुकन्या चहा टाकायला गेली. पण तिनं पाहिलं होतं. चार्वीनं डोळे पुसले तेव्हा ओढणी कोरडीच होती.

परतीच्या वाटेवर गाडी आपली आपण चालत होती. चार्वी खिडकीबाहेर बघत होती. फलटण मागं पडल्यावर ती बोलली.

"मला काहीच वाटलं नाही, आई. एक आजारी बाई बोलतेय, एवढंच. वाईट वाटलं तिचं, जसं कुणाचंही वाटेल." मग म्हणाली, "आजीला सांगू नकोस."

"नाही सांगत."

"तिनं तेवढ्या दुखण्यात वाचलं होतं सगळं. माझ्यासाठी." चार्वी तिच्याकडे वळली. चेहऱ्यावर राग नव्हता. चूक कुठं झाली ते समजून घ्यायला बघणाऱ्या मुलाचा चेहरा होता तो. असे चेहरे सुकन्यानं वर्गात आयुष्यभर पाहिले होते आणि प्रत्येकाला काही ना काही उत्तर दिलं होतं.

"मला रडू यायला हवं होतं ना गं, आई?"

सुकन्या पुढच्या रस्त्याकडे बघत राहिली. 'हो' म्हणायची तिला लाज वाटत होती, आणि 'नाही' म्हणायची त्याहून जास्त.